जिरा बटर आणि कुरडया पळवणारा कावळा

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगते. बरं, राहू दे. हसालच तुम्ही. मी वर्गात सहसा तोंड उघडत नाही, हजेरीलासुद्धा माझं ‘येस मिस’ पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. अशा मुलीने एकदाच तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं, त्याची ही गोष्ट!

मला इंडी गेम्सचं वेड आहे. म्हणजे मोठ्या कंपन्यांचे धडाधड गोळ्या झाडायचे गेम नाहीत हं. दोन-चार जणांनी घरी बसून बनवलेले, छोटे, जरा विचित्र गेम. अशा गेम्सवर मराठीतून मतं लिहायची एक साइट आहे. तिथे मी ‘एकांतवासी’ या नावाने लिहिते. मनापासून लिहिते, दोनदा खोडून लिहिते, जोडाक्षरं तपासून लिहिते. वाचतं कोण? मी. आणि कधीकधी परत मी.

आणि मग तिथे ‘जिरा बटर’ नावाने लिहिणारं कोणीतरी आलं.

आता बघा. एका गेममध्ये दीपगृहात एकटा माणूस असतो. दिवा लावायचा आणि जहाजांची वाट बघायची, एवढंच. मी लिहिलं, ‘एकाकीपणाचे चित्रण संयत असून पार्श्वसंगीत त्यास पूरक आहे.’ चांगलं आहे ना? जिरा बटरने काय लिहावं? ‘दिवा लावला. कोणी आलं नाही. परत लावला. कोणी आलं नाही. शेवटी एक जहाज आलं तर मी त्याला चहा विचारणार होते.’

लोक तुटून पडले! लाइक्सचा नुसता पाऊस. माझ्या पार्श्वसंगीताला कुत्रंसुद्धा विचारेना.

दुसरा गेम गोगलगाईचा. ती पोस्टमन असते आणि एक पत्र पोचवायला निघते. मी तिच्या संथपणातल्या सौंदर्यावर तीन परिच्छेद लिहिले. जिरा बटरच्या तीन ओळी : ‘आमच्या लिफ्टची सख्खी बहीण. बोलावलं की निघते, पण पोचेल असं नाही. तरी आवडली, कारण गोगलगाय मध्येच दुसऱ्या मजल्यावर दार उघडून कोणी नसताना उभी राहत नाही.’

आणि मी ताडकन उठून बसले. कारण दुसऱ्या मजल्यावर कोणी नसताना दार उघडून उभी राहणारी लिफ्ट अख्ख्या शांती नगरमध्ये एकच आहे. आमची!

म्हणजे जिरा बटर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतं. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये गेम खेळणारं माझ्याशिवाय एकच माणूस. समोरच्या दारातली जिनल!

जिनल माझ्या वर्गात आहे. मैत्रीण आहे, चांगली आहे, हे सगळं खरं. पण ती बोलते. सगळ्यांशी, सगळीकडे, न घाबरता. मधल्या सुट्टीत बाकावर चढून ती जिरा बटरची मतं अभिनय करून वाचायची आणि पोरं पोट धरून हसायची. मी डबा खात बसायचे. त्या दिवसांत मला माझी आवडती भेंडीची भाजीसुद्धा कडू लागायची.

तुम्ही म्हणाल, जिनलला मराठी इतकं चांगलं येतं का? नाही येत. ती बोलते ते मराठी हिंदीतून निघून गुजरातीत चहा पिऊन येतं. जिरा बटरचं मराठी मात्र अस्सल घरचं होतं. पण मत्सर जागा झाला की एवढं कुठे दिसतं? मी म्हटलं, घेतली असेल कोणाची तरी मदत.

शिवाय पुरावा होता ना! जिरा बटर गेम किती मोठा आहे हे तासांत सांगायचंच नाही. ‘डाळ शिजेपर्यंत संपतो’ किंवा ‘राजमा शिजला तरी संपत नाही’ असं लिहायचं. आणि जिनलकडे रोज डाळ असते. झालं! आणखी काय हवं? (डाळ कोणाकडे रोज नसते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.)

तेवढ्यात आगीत तेल पडलं. मराठीच्या मिसनी वर्गात जाहीर केलं, “शाळेच्या या वर्षीच्या अंकात मराठी विभागात छोट्या गेम्सवर एक पान ठेवतेय. लिहिणारं कोणीतरी एकच निवडणार. ओपन डेला ठरवू.”

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी शिवल्यासारखं काहीतरी आणलं होतं. आणि अख्खा वर्ग कोणाकडे बघत होता? जिनलकडे. “मिस, जिनल! मिस, वो ही जिरा बटर है!”

“अरे मी नाहीये!” जिनल हसत म्हणाली. हसत! खऱ्या निर्दोष माणसाने असं हसावं का, सांगा?

म्हणून मी सापळा रचला.

जिनल संध्याकाळी आमच्याकडे आली होती. आमच्या घरी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो, कारण वायफाय तिथेच नीट येतं. त्यामुळे बटणांच्या फटीत सारखं पीठ जातं आणि मी आईवर चिडते. त्या दिवशीही आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, आम्ही दोघी टेबलाशी. जिनल आईने दिलेल्या चकल्या खात होती.

मी आवाज अगदी सहज ठेवून म्हटलं, “जिनल, तो नवीन गेम बघितलास? आपण कावळा असतो. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असतात. त्या पळवायच्या.”

असा गेम जगात नाही. मी तो लिफ्टची वाट बघताना बनवला होता.

“हां हां, मस्त है यार,” जिनल म्हणाली. “आंटी, चकली एकदम टॉप!”

“घे अजून, बेटा,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, साइट उघडली आणि बघते तर काय! जिरा बटर : ‘कुरडया पळवणाऱ्या कावळ्याचा गेम आलाय असं कानावर आलं. सगळीकडे शोधला, मिळाला नाही. बनवणाऱ्याला एक विनंती. कुरडया घालणाऱ्या बाईच्या बाजूनेही खेळता आलं पाहिजे. गव्हाचा चीक ढवळताना खांदा कसा भरून येतो, ते कावळ्याला काय कळणार!’

पकडली! चोर पकडली!

पण सापळ्याचं काय झालं माहितेय? लोक त्या गेमसाठी वेडे झाले. ‘कुठे मिळेल?’ ‘काठी घेऊन कावळा हाकलता येतो का?’ ‘सांडग्यांची लेव्हल आहे का?’ माझ्या डोक्यातून निघालेली पहिली लोकप्रिय गोष्ट, आणि तीसुद्धा जिरा बटरच्या नावावर जमा! मी खाली लिहिलं, ‘ही कल्पना मूळ कोणाची, याचा शोध घ्यावा.’ कोणी घेतला नाही.

ओपन डे आला. आई माझ्याबरोबर, आमच्या मागे रांगेत जिनल आणि तिची मम्मी. मिसनी माझी उत्तरपत्रिका आईला दाखवली. “लिहिते छान हो. फक्त बोलत नाही.”

“घरी बोलते,” आई म्हणाली. “माझ्यावर ओरडायचं असेल तेव्हा.”

मिस हसल्या आणि मागे बघून म्हणाल्या, “जिनल, तूही ये पुढे. त्या पानाचं सांगूनच टाकते. सगळे म्हणतायत की जिरा बटर म्हणजे तूच, तर मला वाटतं—”

“नाही!”

हा आवाज कोणाचा, म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. माझाच होता.

“मिस, तिला देऊ नका! तिने माझी कल्पना चोरलीय! तो कावळ्याचा गेम खोटा आहे, मी बनवलाय, मनातल्या मनात! आणि तो मी फक्त जिनलला सांगितला होता!”

सगळ्या बाकांवरचे पालक वळले. कोणाचे तरी पप्पा फोनवर बोलत होते, ते “एक मिनट, बाद में करता हूँ” म्हणाले आणि सरसावून बसले.

“कौनसा कावळा?” जिनलचं तोंड उघडंच राहिलं.

“कुरडयांचा! आमच्या घरी! तू हां हां म्हणालीस!”

“अरे मी तर चकली खात होती! मी काय ऐकलंच नाही!”

“मग जिरा बटरला कसं कळलं? तिथे आपल्या दोघींशिवाय होतं कोण?” मी हात पसरून अख्ख्या वर्गाला विचारलं. वकिलासारखं. “सांग ना! कोण होतं?”

पंख्याचा तेवढा कर्रकर्र आवाज.

“मी होते,” आई म्हणाली.

ओढणी सारखी करत, खाली बघत, अगदी माझ्यासारख्या आवाजात.

मी म्हटलं, “आई, तू थांब गं, तू पोळ्या—” आणि तिथेच माझी जीभ अडकली. पोळ्या. पीठ. बटणांच्या फटीतलं पीठ. डाळ शिजेपर्यंत. लिफ्ट. चीक ढवळून भरून आलेला खांदा! उन्हाळ्यात त्या खांद्याला बाम मीच चोळला होता हो!

“ही शाळेत जाते तेव्हा लॅपटॉप घरीच असतो ना,” आई मला नाही, मिसना सांगत होती. “लाइट बिल भरायला हिनेच माऊस शिकवला. मग हिचा तो दीपगृहवाला उघडा राहिला होता. कुकर लावला होता, म्हटलं बघू या. आणि हिचा तो कावळा मला इतका आवडला, की भांडी राहिली आणि मी शोधतच बसले.”

“तुम्ही जिरा बटर?” मिस खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “अहो, माझ्या सासूबाई रोज विचारतात, आज काय लिहिलंय म्हणून! तुम्हीच लिहा ते पान. पालकांसाठी जागा असतेच अंकात.” मग त्यांना मी आठवले. “आणि मुग्धा, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे. तू आईचं तपासून दे.”

बघा. पान मला हवं होतं. ते घरातच आलं, फक्त माझ्या डोक्यावरून.

परत येताना लिफ्ट बंद होती, अर्थात. दोघींच्या आया पुढे गप्पा मारत चढत होत्या. जिनल पहिला मजला बोलली नाही. दुसरा मजला बोलली नाही. पान गेलं ते गेलं, आता मैत्रीणही जाणार.

आमच्या मजल्यावर ती थांबली. “सबके सामने चोर बोली मला.”

“सॉरी,” मी म्हटलं. पहिल्या बाकापर्यंत न पोचणाऱ्या आवाजात.

“सॉरीने काय होते? आता तो गेम खरा बनव. आणि मी कावळा बनणार. पक्का?”

“पक्का.”

“आणि आंटीला सांग, चकली!”

रात्रीच्या जेवणाआधी, कुकरच्या शिट्ट्या होत असताना, जिरा बटरने नवीन मत टाकलं :

‘आज एक घरगुती गेम बघितला. मुख्य पात्र एक मुलगी. पहिली चौदा वर्षं काहीच बोलत नाही. मग एकदम तोफ डागते, ती स्वतःच्याच किल्ल्यावर. चेहरा बापावर गेलाय. आवाज वाढवायचं बटण आहे, हे मलाही आजच कळलं. डाळ शिजेपर्यंत संपत नाही. जन्मभर पुरेल.’

टाकण्याआधी तिने ते माझ्याकडे तपासायला दिलं होतं. तिने ‘पहिले चौदा वर्ष’ लिहिलं होतं, ते मी सुधारलं. तेवढाच माझा वाटा.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. जिनलने दुसऱ्या दिवशी बाकावर चढून वाचलं, तोफेच्या आवाजासकट. आणि मला काय वाटलं? लाज वाटावी, डोळे भरून यावेत, असंच काहीसं ना? छे! मला वाटलं, हे मला का नाही सुचलं!

न राहवून मी एकांतवासी म्हणून खाली प्रतिक्रिया लिहिली : ‘मुख्य पात्र अतिरंजित वाटते.’

तिला आजवर एकच लाइक मिळालाय. जिरा बटरचा.