मितिनीचं नाव

प्रवाशांचे फोटो आपणहून मागून बघणारा गाइड जगात एकच असेल, आणि तो म्हणजे कालिंपोंगचा बिनय प्रधान. बाकीचे गाइड कॅमेरा पुढे आला की मान लचकल्याचं सोंग करतात. "चारशे फोटो, त्यातले तीनशे याकचे!" असं पुटपुटत ड्रायव्हर फुर्बा तर सरळ गाडीखाली शिरायचा. बिनय मात्र प्रत्येकाचा कॅमेरा हातात घेऊन एकेक चित्र शांतपणे पुढे सरकवायचा. गोरी माणसं खूश व्हायची, पोरगा किती आवडीनं बघतो! त्याला त्यातलं एकच चित्र हवं असायचं.

सहलीचं नाव भारदस्त होतं, 'राजांचे डोंगर, साहेबांची शहरं'. सोळा दिवस. कलकत्ता, दार्जिलिंग, कालिंपोंग, गंगटोक आणि मग भूतानची वेस. वेशीत बिनय गट तिकडच्या गाइडच्या ताब्यात द्यायचा, सहा दिवसांनी तिथूनच परत घ्यायचा आणि शेवटचे दोन दिवस कलकत्त्यात फिरवायचा. प्रवासी भूतान बघून यायचे, आणि भूतानात जन्मलेला हा माणूस ते सहा दिवस अलीकडे जयगावच्या लॉजवर माश्या मारत पडायचा.

त्याचं जन्माचं नाव टंकनाथ सापकोटा. घरातला कान्छा, म्हणजे शेंडेफळ. नऊ वर्षांचा झाला तेव्हा बापानं त्याला शाळेसाठी कालिंपोंगला आपल्या मिताकडे ठेवलं. मित म्हणजे देवासमोर विधी करून जोडलेला मित्र, सख्ख्या भावाहून वरचा; मितांच्या बायका एकमेकींच्या मितिनी. त्याच वर्षी तिकडे खानेसुमारी झाली. त्या दिवशी जो घरात नव्हता तो यादीत आला नाही, आणि यादीत नाही तो त्या देशाचा नाही. नऊ वर्षांच्या पोरानं म्हणे देश सोडला! बोलायला जीभ रेटत नाही, पण कागद तसंच सांगतो. पुढच्या वर्षी बाप वारला. मितबानं, म्हणजे बापाच्या त्या मितानं, पोराला आपल्या रेशनकार्डात घातलं, आणि तेव्हापासून तो झाला बिनय प्रधान, वडील मानध्वज, आई बिष्णुमाया.

थोरला भाऊ, जेठा, यादीत राहिला. तिकडे भूतानात गेदूच्या घाटात त्याची चहाची टपरी होती आणि आई त्याच्याजवळ असायची. बाहेर गेलेल्याशी नातं दिसलं तर जेठाच्या पोरांची शाळेची कागदपत्रं अडतील, ही भीती. म्हणून फोन नाही, चिठ्ठी नाही. बिनय तिकडच्या गाइडला एवढंच सांगायचा, "गेदूच्या वरच्या टपरीवर थांबव रे. चहा बरा असतो, संडास साफ असतो." थांबले की लोक फोटो काढायचेच. वर्षाला आठ-दहा गटांच्या कॅमेऱ्यांतून त्यानं आईला म्हातारी होताना पाहिलं. बहुतेक वेळा ती दाराशी सुपात डाळ निवडत असायची. एका जर्मनाच्या फोटोत तिचा नुसता कोपर आला होता. बिनयनं तो कोपरही पाच मिनिटं बघितला.

पावसाळ्यात सहली बंद असतात. दसैंचा, म्हणजे तिकडच्या दसऱ्याचा, सण आटोपल्यावर त्या वर्षीचा पहिला गट आत गेला आणि सहा दिवसांनी परत आला. गटात ग्वेन नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बोलक्या आणि मायाळू. गाडीत बसताबसताच त्यांनी कॅमेरा पुढे केला.

"तुझा तो चहावाला बघ, बिनय. काय रुबाब! पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे कापडी बूटसुद्धा. तिकडचा सणाचा पोशाख का रे हा?"

बिनयनं बघितलं. टोपीखाली जेठाचे केस दोन बोटं वाढलेले होते. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

"तिथे एक आजी असतात ना?" त्यानं विचारलं.

"आजी? नाही बाबा, आजी कुणी नव्हत्या."

नखशिखांत पांढरं म्हणजे आईबापाचं वर्षाचं सुतक, आणि दोन बोटं केस म्हणजे मुंडन होऊन तीन महिने. म्हणजे श्रावण. आई गेली आणि हा इकडे फुटबॉलच्या सामन्याला घसा फोडून ओरडत होता. दसैंला लाल टिळा लावून घेतला, बोकडाचं मटण खाल्लं, दोन वेळा मागून खाल्लं.

"हो, पोशाखच आहे," तो म्हणाला. "वर्षभर घालतात."

पुढे चहाला थांबल्यावर फुर्बानं त्याला बाजूला ओढलं. त्याला बिनयची सगळी कथा ठाऊक होती.

"तोंड का उतरलंय? कोण गेलं?"

"आमा."

"मग तू पांढरं..."

"कुणासाठी घालू? माझी कागदावरची आमा घरी बसून बटाटे सोलतेय! लोक म्हणतील, जिवंत आईचं सुतक धरतो मेला. आणि मग कुणीतरी कागद उकरेल."

फुर्बानं डोकं खाजवलं. "कलकत्त्यात उरक. तिथे हत्ती मेला तरी कुणी वळून बघत नाही."

कलकत्त्यात बिनयनं सकाळभर गटाला साहेबांचे वाडे दाखवले, जुनी इंग्रजी दफनभूमी दाखवली. नेहमीचे विनोद नेहमीच्या थडग्यांपाशी केले. सगळे हसले. त्याला स्वतःची किळस आली. दुपारी मंडळी झोपली तसा तो गंगेवरच्या बाबूघाटावर गेला.

"मुंडन?" भटजींनी विचारलं.

"नको."

"आईसाठी केस देत नाहीस? सोन्याचे आहेत काय?"

बिनयला संध्याकाळी पुन्हा गटासमोर उभं राहायचं होतं. भटजींनी पिंड वळला, तीळ टाकले. मुलाचं नाव विचारलं. "टंकनाथ," तो म्हणाला. बावीस वर्षांत ते नाव त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं होतं.

"आईचं नाव?"

"बिष्णुमाया."

शाळेच्या अर्जापासून गाइडच्या परवान्यापर्यंत या प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं, जीभ आपोआप वळली. भटजींनी ओंजळीत पाणी घेतलं तसा तो ओरडला, "थांबा! ती जिवंत आहे!"

"मग मेलं कोण, बाबा?"

"आई."

"अरे, तिचं नाव सांग की!"

घरात ती आमा. गावात जेठाची आमा. बाप तिला 'ऐकलंस का' म्हणायचा. आईलाही नाव असतं, हे नऊ वर्षांच्या पोराला कोण सांगतं? त्यानं कालिंपोंगला मितआमाला, म्हणजे बिष्णुमायेला, फोन लावला.

"आमा, माझ्या आमाचं नाव काय होतं?"

"होतं?" पलीकडून आवाज आला. "गेली का रे मितिनी?"

"श्रावणात."

म्हातारी रडत होती. "नाव मला नाही रे ठाऊक. मितिनीनं मितिनीचं नाव घ्यायचं नसतं. ती मला मितिनी म्हणायची, मी तिला मितिनी. तुझा मितबा असता तर... जेठाला विचार ना."

"त्याला कसं विचारू, आमा?"

"हो रे," ती म्हणाली. "त्याला कसं विचारशील."

मागे आणखी दोन गिऱ्हाइकं ओलेत्यानं ताटकळत होती. भटजी म्हणाले, "नाव ठाऊक नसलं की आम्ही गंगा म्हणतो. रोज दोन-चार येतात तुझ्यासारखे."

"पोचतं?"

"आजवर परत तरी कधी आलेलं नाही."

बिनयनं भटजींच्या मागून गंगा म्हटलं आणि पिंड पाण्यात सोडला. मग पायरीवर बसून तो पोरासारखा रडला. टंकनाथ नावाचा माणूस कुठल्याच कागदावर नव्हता आणि गंगा नावाची त्याला आई नव्हती. त्या दोघांचं पिंडदान तेवढं यथासांग पार पडलं.