श्रीपादची संध्याकाळ

बातमी आली तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं. श्रीपादचा मेहुणा पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही. "श्रीपादराव गेले. पहाटे छातीत कळ आली..." एवढंच म्हणाला. आमचे मालक गादीवर बसले होते. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तिरुनीलक्कुडीच्या लग्नाचीं भांडीं त्याच्याकडेच होतीं ना रे? नांवं घालून झालीं, कीं राहिलीं?"

मेहुण्याने हे ऐकलं. मीही ऐकलं, आणि उत्तर दिलं. "मोठे हंडे राहिले आहेत, अण्णा," म्हणालो. माणूस घरात थंड पडला होता आणि मी हंड्यांचा हिशेब देत होतो. त्या उत्तराची लाज अजून जात नाही. म्हणून हे लिहितो आहे. मला राग आला आहे, आणि तो सगळाच मालकांवर नाही.

कुंभकोणमच्या बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. श्रीपाद भांड्यांवर नावं घालायचा. गुडघ्यांत तांब्या धरून, छोट्या छिन्नीवर हलके ठोके देत, ठिपक्याला ठिपका जोडून नवरीचं नाव उमटवायचा. बहुतेक तमिळ अक्षरांत, क्वचित आपल्या अक्षरांत. मी वजनकाट्यावर. आम्ही दोघं मिसरूड फुटायच्या वयात एकदमच लागलो. मालक आमच्यातलेच. मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घराण्यांपैकी. रस्त्यावर पाऊल टाकलं की आम्ही सगळे तमिळ बोलणार, पण त्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आपली भाषा. याचा आम्हाला केवढा अभिमान! शिव्याही आपल्याच भाषेत मिळायच्या, म्हणून त्या आम्हाला शिव्या वाटायच्या नाहीत. माया वाटायची.

दुपारी मागच्या खोलीत सगळ्यांची एकच पंगत बसे. मालकांच्या घरून जेवण यायचं, केळीच्या पानावर भात, सांबारं, ताक. मालक पहिल्या पानावर. वडीलधारं माणूस उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, ही आपल्या घरोघरची रीत, तीत वाईट काही नाही. पण मालकांनी ती रीत पंगतीतून उचलून दुकानात आणून ठेवली. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं, माल आत गेला, झाडून झालं, तरी मालक गादीवर विडा चघळत बसलेले. ते उठेपर्यंत आम्ही बसायचं. हात रिकामे, तरी बसायचं. असा हुकूम कोणी कधी दिला नाही. दिला असता तर निदान मोडता आला असता.

श्रीपादची बायको कमला, आमची मन्नी, म्हणजे वहिनी. दिवेलागणीला ओट्यावर बसून ती अभंग म्हणते. मरुदानल्लूरच्या भजनात तिचे वडील साथीला असत, त्यांच्याकडून आलेला गळा. त्या गल्लीतल्या तमिळ बायकासुद्धा हातातलं काम टाकून दारात येतात. एकदा काट्याशेजारी बसून श्रीपाद मला म्हणाला, "पोस्टमन मला रस्त्यांत थांबवून सांगतो, तुमच्या घरचं गाणं फार चांगलं. मी म्हणतों, हो का? ...अरे, लग्न होऊन इतकीं वर्षं झालीं, मी सोडून सगळ्या गांवाने ऐकलंय."

दुसऱ्याच दिवशी तो उठला. दिवे लागायच्या आधी, काम संपवून, छिन्न्या पुसून, अंगवस्त्र खांद्यावर टाकून.

"कोठें रे?" मालकांनी गादीवरून विचारलं. आवाज अगदी गोड.

"घरीं जातों, अण्णा. काम झालं."

"जा, जा. बायकोनें पाट मांडला असेल. आम्ही काय, म्हातारीं माणसं. बसूं एकटे."

सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "नवरदेव, वाजंत्री बोलावूं का?" त्यावर आणखी हशा झाला. श्रीपादने खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं, आणि तो खाली बसला. मालकांनी त्याला स्वतःच्या तबकातला विडा दिला. तो विडा तोंडात धरून बसलेला श्रीपाद मला आजही दिसतो. चघळत नव्हता. नुसता धरून बसला होता.

पुढे तिरुविडैमरुदूरच्या एका पत्तरांकडे, म्हणजे भांडी घडवणाऱ्या कारागिरांकडे, देवळाच्या मोठ्या भांड्यांवर अक्षरं घालायला मालकांनी त्याला थोडे दिवस पाठवलं. परत आला तो निराळाच माणूस. बोलायचा थांबेना. "तिथे एकाच्या हातून घंगाळाचा कांठ फाटला. तर तो मालकालाच ओरडून सांगतो, अय्या, फाटला! आणि पत्तर म्हणतात, सरी, असूं दे, जेवून घे, मग वितळवूं. ऐकलंस? ओरडून सांगतो! आपल्याकडे तांब्याला पोचा आला तर आपण तो दुसऱ्याच्या ढिगांत सरकवतों." मग हळूच म्हणाला, "उन्हं कललीं कीं पत्तर स्वतः कुलूप हातांत घेऊन उभे. कोणी रेंगाळला तर रागावतात. घरीं कोणी नाहीं का तुला, म्हणतात."

पत्तरांनी त्याला कायमचं बोलावलं होतं. आगगाडीने जाऊन-येऊन करता आलं असतं, शिवाय संध्याकाळच्या गाडीने उजेड असताना घरी. त्याने मला विचारलं. मी काय म्हणालो? "आपला माणूस सोडून परक्याकडे? लोक काय म्हणतील? मालकांनी तुझ्या मुंजीला भांडीं दिलीं होतीं." हे मी म्हणालो. पण एवढ्यावर थांबलो नाही. मालकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "श्रीपादचं लक्ष नाहीं हल्ली, काय रे?" आणि मी सगळं सांगून टाकलं. कशासाठी? मला काही मिळणार नव्हतं. मालकांनी मला जवळ बसवून विचारलं, एवढंच. तेवढंच पुरलं मला.

मालक रागावले असते तर श्रीपाद सुटला असता. ते रागावले नाहीत. बायकोला घेऊन, केळीचा घड आणि फुलं घेऊन श्रीपादच्या घरी गेले, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडले. "मी याला मुलासारखा मानतों, अम्मा. मुलगा घर सोडतो का?" घड उचलून मीही गेलो होतो, मागे उभा होतो. अम्मांचे डोळे भरून आले. मालक पायऱ्या उतरले, मी अजून दारातच होतो, तेव्हा त्या लेकाला म्हणाल्या, "त्यांनीं माझे पाय धरले रे, श्रीपाद. आतां कसा जाशील?" श्रीपादने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, कोणी सांगितलं ते. पण त्याबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही, आणि पत्तरांचं नावही पुन्हा काढलं नाही.

यंदा लग्नसराईत त्याची छाती दुखायला लागली होती. डॉक्टर संध्याकाळी बसतात, दिवे लागल्यावर थोड्या वेळाने दार लावतात. श्रीपाद रोज म्हणायचा, आज जातों. रोज मालक बसलेले असायचे. आता शोकसभेत कोणी म्हणालं, दैव. दैव कसलं? आम्ही सगळे तिथे होतो. एकानेही म्हटलं नाही, ऊठ, जा.

तेरावा झाल्यावर मालकांनी दुकानात फोटो लावला. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी सगळ्या दुकानाचा काढलेला फोटो, त्यातून एकट्या श्रीपादला स्टुडिओत मोठं करून घेतलेलं. कडेला माझा खांदा अर्धा आला आहे. रोज हार. परवा नवीन लागलेल्या माणसाला मालक फोटो दाखवून सांगत होते, "ह्याच्याकडून शीक. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या आधीं कधीं उठला नाहीं."

मी काट्यावरून उठलो. स्टुलावर चढलो आणि फोटो खाली घेतला.

"काय करतोस रे?" मालक म्हणाले.

"त्याला घरीं नेतों."

"तो फोटो दुकानाचा आहे!"

"फोटो दुकानाचा असेल, अण्णा. माणूस दुकानाचा नव्हता. त्याला उठायचं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं."

ते गादीवरून काय काय बोलले, ते मी ऐकलं नाही. फोटो काखेत धरून उंबरा ओलांडला. हे धैर्य तेव्हा असतं तर... पण तेव्हा नव्हतं, आणि आता दाखवून श्रीपादला काय मिळणार?

गल्लीत ऊन अजून भिंतींवर होतं. मन्नी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून तिने फोटो दोन्ही हातांनी घेतला. हार काढला. काचेवरची धूळ पदराने पुसली, माझा अर्धा खांदाही पुसला. मी बोलायला तोंड उघडलं होतं. सगळं सांगणार होतो, पत्तरांचं, मी केलेल्या चहाडीचं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. एकदा आभाळाकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"आज उजेडांत आलांत," ती म्हणाली.

आणि तो मांडीवर घेऊन, दिवा लावायची वेळ होईपर्यंत, तशीच बसून राहिली.