गयाआक्कांपुढे जेवणाची प्रार्थना

आमच्या गल्लीत मी कॅथलिक म्हणून कमी आणि पोटाचा रोगी म्हणून जास्त प्रसिद्ध आहे.

कारण मीच. आमच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण वर्ज्य; पण एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात कुणी डबा पुढे केला, की "आज आमचा उपवास" म्हणायला माझी जीभ उचलत नसे. "पोट बिघडलंय," म्हणायचो. (लोक प्रेमळ. ओवा आणून द्यायचे. मी खायचो!) आपण कोण लागून गेलो देवाविषयी बोलणारे? घरात बायकोवर खेकसणाऱ्या माणसानं येशूचं नाव काढलं, तर बदनामी येशूचीच!

शेजारच्या गयाआक्का मात्र सोडायच्या नाहीत. मूळच्या केदारखेड्याच्या, म्हातारपणी जालन्याला मुलाकडे, रामरावकडे आलेल्या.

"काय रे योसेफ, रविवारी तिथं जाऊन काय म्हणता रे? मला बी सांग की."

"सांगतो आक्का, निवांत!" लाथा खाल्ल्याशिवाय न हलणारी माझी स्कूटर त्या क्षणी मात्र एका लाथेत सुरू व्हायची.

मग आक्कांनी अंथरूण धरलं. अन्न तोंडात घेईनात. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. रामराव दारात आला.

"दादा, माय म्हणून राह्यली, योसेफला त्याच्या देवाचं म्हणू द्या."

"मी? अरे, फादरला फोन करतो ना!"

"फादरला माय वळखती का?"

आतून मार्था, माझी बायको, कडाडली, "जावा की! का आता बी पोट बिघडलं?"

गेलो. खोलीभर पाहुणे. क्रूसाची खूण केली, हात जोडले आणि डोकं कोरं! आजाऱ्यांसाठीची प्रार्थना लहानपणापासून पाठ. ती अशी पळाली, की मागमूस नाही. शेवटी तोंडातून आपसूक निघाली ती रोजची, "हे प्रभू, आमच्यापुढे वाढलेल्या या अन्नाला आशीर्वाद दे..."

मरणाऱ्या बाईपुढे जेवणाची प्रार्थना! मार्थानं पाठीत कोपर खुपसलं. पण थांबायचं कुठं? आमेनपर्यंत गेलो.

आक्कांनी डोळे उघडले.

"मंग वाढा की," म्हणाल्या.

रामराव धावला. दोन चमचे पेज पोटात गेली. दुसऱ्या दिवशी मी योग्य प्रार्थना घोकून गेलो, तर आक्कांनी हात हलवला. "न्हाई. कालचीच म्हण."

मग रोज तीच. रोज दोन चमचे. पुढं एकच. पुढं नुसते ओठ ओले.

एकदा पुटपुटल्या, "आधी का न्हाई सांगितलंस रे? मी इचारत तर व्हते."

मी पेजेची वाटी बाजूला ठेवली. चार ओळींची तर प्रार्थना होती. सगळी वर्षं भिंतीपलीकडे म्हणत होतो.

आक्का गेल्या. त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून रीतीप्रमाणे मार्थानं पिठलं-भाकरी नेली. रामराव ताटाला हात लावेना. त्याला धीर यावा म्हणून मीच घास घेतला. मग दुसरा, जरा मोठा.

"खा रामराव, खा बाबा."

तो हात जोडून माझ्याकडं बघत बसला. डोळे भरलेले.

"दादा, आधी म्हणा ना."

देवाशप्पथ सांगतो, त्या वेळी ना शंका होती, ना लाज, शब्दही सगळे बिनचूक आठवत होते. तोंड तेवढं पिठल्यानं भरलेलं होतं!