मी तात्यांची फियाट ओळखली!

नाशकात, आमच्या इंदिरानगरात जुन्या गाड्या ओळखणारा एकच माणूस आहे आणि तो मी आहे, असं मी बरीच वर्षं सांगत असे. दुसऱ्या कोणी तसं सांगितल्याचं आठवत नाही.

जुन्या गाड्यांचा मिरवण्याचा भाग मला कधीच झेपला नाही. मेळाव्यात गाडीला टेकून, हॅट घालून, आपण स्वतःच तिचा शोध लावल्यासारखे फोटो काढणारे लोक पाहिले की मला हसू येतं. (माझी हॅट माझ्या बायकोने, मंगलने, झाडांना पाणी घालायच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली आहे.) मला आवडतं ते ओळखणं. शेपटीचे दिवे, बंपरची वळणं, दाराच्या कड्या बघायच्या आणि शांतपणे साल सांगायचं. समोरच्याला काहीच माहीत नसेल तर या छंदासारखा आनंद नाही.

आमच्या समोर सोनवणे सर राहतात, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्याकडे एक जुनी फियाट आहे, निळी. निळा रंग सरांनी स्वतः, ब्रशने दिलेला. गेल्या वर्षी मी त्यांना तिचा इतिहास सांगितला.

"सर, ही मुंबईची टॅक्सी होती."

"कशावरून?"

"डाव्या बाजूच्या मागच्या दारावर हे दोन गोल खळगे बघा. हातगाडीच्या दोन दांड्या लागल्यात. भायखळ्याला फार व्हायचं असं."

"भायखळ्यालाच कशावरून?"

"अनुभव!" (भायखळ्याला मी एकदाच उतरलोय, आणि तेही चुकून.)

सर विचारात पडले. "मुलगा म्हणतोय विकून टाका. तुम्ही घेता का?"

"सर, वंशावळ नसलेली गाडी मी दारात उभी करत नाही."

"ती तुमच्याच दारात उभी असते," सर म्हणाले. हे मात्र खरं होतं. आमच्या बदामाची सावली तिथे पडते.

आता तात्या. तात्या म्हणजे माझे सासरे, देवळ्याचे. कांद्याचे मोठे बागायतदार. त्यांच्याकडे एके काळी फियाट होती, दुधात चिमूटभर हळद पडल्यासारख्या रंगाची. आमच्या लग्नानंतर महिनाभरात, लग्नाचं देणं फेडायला म्हणून, ती विकली गेली. त्यानंतर पस्तीस वर्षांत तात्या त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मंगल मात्र बोलते. पंखा दुरुस्त करायला मी उशीर केला, भाजी चुकीची आणली, सिनेमात झोपलो, तरी शेवटी गाडी फियाटवरच येते.

"तात्यांनी या माणसापायी गाडी विकली!"

शिवाय माझ्या काकांचं एक प्रकरण होतंच. लग्नात तात्यांचा पितळी अडकित्ता हरवला, आणि तो माझ्या काकांनी ढापला असं देवळ्यात सर्वांचं एकमत आहे. काका सुपारी खात नसत, हा मुद्दा तिथे कोणी ऐकून घेत नाही.

यंदा तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन आमच्याकडे करायचं ठरलं आणि मला कल्पना सुचली. त्यांची तीच फियाट शोधायची आणि सगळ्या गोतावळ्यासमोर किल्ली त्यांच्या हातात द्यायची! पस्तीस वर्षांचं ऐकणं एका सकाळीत संपलं असतं. कागदपत्रं नव्हती, नंबर कोणाला आठवत नव्हता. तात्यांना विचारावं, तर सरप्राइज फुटणार.

"रंग आठवतो ना? बस झालं," मी मंगलला म्हणालो.

"रंगावरून गाडी ओळखतात?"

"ओळखणारा पाहिजे."

चार महिने शोधून मला ती पिंपळगाव बसवंतला सापडली. एका द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये, क्रेटच्या ढिगामागे. अगदी तोच हळदी रंग! मी मागचं सीट उचललं. खाली कांद्याची टरफलं होती.

"देवळ्याचा उन्हाळी कांदा," मी हळूच म्हणालो.

शेडवाला माझ्याकडे बघत राहिला. "सायेब, इकडं कोन्त्याबी गाडीचं सीट उचला, हेच निघंल. अँब्युलन्समधीबी निघंल."

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाय कळत," तो खूश होऊन म्हणाला. "पन घेऊन जा. क्रेटला जागा होईल."

समारंभाच्या दिवशी आमच्या दारात मंडप होता आणि मंडपापुढे ती हळदी फियाट, झेंडूची माळ घालून. देवळ्याहून साठ-सत्तर माणसं आली होती. तात्यांना ओवाळून झालं, आणि मी माइक हातात घेतला. (एरवी माइक घेणाऱ्यांबद्दल माझी मतं सर्वांना माहीत आहेत. त्या दिवशी मी सात मिनिटं बोललो.) मग तात्यांचा हात धरून त्यांना गाडीपाशी नेलं.

"कशी आहे, तात्या?"

"झ्याक हाय," तात्या म्हणाले. "कोनाची?"

"तुमचीच!"

"माझी?"

"तुमची फियाट! शोधून काढली मी!"

टाळ्या पडल्या. मंगलने डोळ्यांना पदर लावला. तात्यांनी गाडीला एक फेरी मारली. मागच्या डाव्या दारापाशी थांबले, दारावरून तळहात फिरवला, वाकून पाहिलं. मग घसा साफ केला.

"जावईबापू, लय कष्ट घेतलेत तुम्ही."

हे वाक्य मी ओळखतो. मुलगी बघून परत जाताना लोक पोह्यांबद्दल असंच बोलतात.

"पन हिच्या दाराला काहीच नाय," तात्या म्हणाले.

"काय असायला हवं होतं?"

"पोळ्याला आमच्या बैलानं मारलं होतं ना! मी गाडी धुऊन चकाचक केलेली. त्याला दारात दुसरा बैल दिसला. शिंगांना पितळी शेंब्या चढवलेल्या, बसले दोन गोल खड्डे. मंगल तवा नाशकात कालेजला होती."

मंडपाच्या मागे, बदामाच्या सावलीत, निळी फियाट उभी होती. त्या बाजूला कोणी बघू नये म्हणून मी तात्यांच्या आडवा उभा राहिलो. पण मी तात्यांपेक्षा वीतभर बुटका आहे.

तात्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि ते सरळ निळ्या गाडीपाशी गेले. दोन्ही हातांचे अंगठे त्यांनी दारावरच्या दोन खळग्यांत ठेवले. नेमके बसले. आणि एरवी आमच्यासाठी जपून बोलणारे तात्या थेट अहिराणीत शिरले.

"हाई मनी गाडी शे!"

"तुमची? ही मुंबईची टॅक्सी आहे," सोनवणे सर प्रामाणिकपणे म्हणाले. "यांनीच सांगितलं मला. भायखळ्याची."

साठ-सत्तर माना माझ्याकडे वळल्या.

तात्या आत बसले. डॅशबोर्डखालच्या खणाकडे बोट दाखवून सर म्हणाले, "तो खण उघडत नाही हं. मी घेतल्यापासून बंद आहे."

तात्यांनी खणाच्या खाली एक बुक्की मारली. झाकण पडलं आणि त्यामागोमाग पितळी अडकित्ता!

पस्तीस वर्षांनी माझे काका निर्दोष सुटले होते. दुर्दैवाने ते ऐकायला ते हयात नव्हते, आणि माझ्याकडे त्या क्षणी कोणाचं लक्ष नव्हतं.

"गाडी तुमचीच आहे, ठेवा तुम्ही," सर गहिवरून म्हणाले.

"नको रे बाबा!" तात्या दचकले. "लय छळलंय तिनं. सकाळी चालू झाली तर दुपारी बंद. म्हनून तर विकली!"

"माझ्या लग्नासाठी विकली ना?" मंगलने विचारलं.

"लग्नाचं निमित्त सांगितलं, पोरी. लग्नासाठी विकली म्हटलं की लोक मान डोलावतात. ढकलून कटाळलो म्हटलं की हसतात."

मी मंगलकडे पाहिलं. ती अत्यंत बारकाईने जिलबीचं ताट बघत होती. पस्तीस वर्षांत मला मिळालेला हा एकमेव विजय, आणि तो मी पुरता साजराही करू शकलो नाही. कारण तेवढ्यात तात्यांनी किल्ली फिरवली होती, गाडी खोकून गप्प बसली होती आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

"ठेवायला नको. पन एक चक्कर मारू. जावईबापू, जरा लावा हात!"

रेशमी कुर्त्यात मी ती गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. तिथे तिने एकदम सूर धरला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकून तात्या निघाले, शेजारी सोनवणे सर. ऐंशी ओलांडलेला तो माणूस शीळ घालत होता. फियाट चालवणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी मागून दिसलं.

आता तात्या महिन्यातून दोनदा देवळ्याहून येतात आणि सरांबरोबर गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात. हळदी फियाट कोणाची होती ते अजून कळलेलं नाही. तिच्या मालकाचा जावई तिला कुठेतरी शोधत असेल.

मला बोलावणं अजूनही येतं. खाली गाडी खोकते, थांबते आणि सरांची हाक येते, "अहो तज्ज्ञ, आहात का घरी?"

मी चप्पल घालून निघतो. ओळखायचं काही नसतं. कोपऱ्यापर्यंत ढकलायचं असतं.