मडक्याचे फोटो

बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत सुजून टरटरला होता आणि माझ्या कपाटात एक्स-रेची एकही फिल्म नव्हती.

सत्तरच्या दशकातला तो मोठा दुष्काळ. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. सखुबाई आटपाडीकडच्या तलावाच्या कामावर खडी फोडायच्या. दगड घसरून हातावर आला, म्हणून ट्रकमध्ये बसून आमच्याकडं आल्या होत्या.

"बाई, फिल्म संपल्यात. मिरजेला जावं लागेल."

"मिरजंला कशी जाऊ, दादा? खाडा पडला की मुकादम नाव काढतोय. मग पगार बी न्हाई आन् पोरांस्नी खायाला सुकडी बी न्हाई."

फिल्म कुठं गेल्या ते सांगतो. त्याच तलावाच्या खोदाईत एक मोठं मडकं निघालं होतं. तोंडावर दुसरं मडकं पालथं घातलेलं. एक प्रोफेसर ते गवतात गुंडाळून घेऊन आले. हजारो वर्षांपूर्वीचं दफन असावं, उघडण्याआधी आत काय आहे ते एक्स-रेवर बघायचं, असं त्यांचं म्हणणं. आमचे मेडिकल ऑफिसर हरखून गेले. पेपरात नाव येणार होतं.

आमचं काम तसं साधं. मांसातून किरण आरपार जातात, तिथं फिल्म काळी होते. हाड किरण अडवतं, ते पांढरं दिसतं. किरण किती सोडायचे ते पेशंटच्या अंगलटीवरून ठरवायचं. मडक्याला कुठली अंगलट? आत माती ठासून भरलेली आणि मातीही किरण अडवते. पहिली फिल्म नुसती पांढरी आली. पॉवर वाढवली, तर कडा काळ्या झाल्या आणि मधलं पांढरंच राहिलं. असं कितीतरी वेळ चाललं.

"सर, चारदोन फिल्म तरी ठेवू या. नवा स्टॉक कधी येईल सांगता येत नाही."

"अहो, पेशंट रोजचेच आहेत," साहेब म्हणाले. "हे पुन्हा मिळणार आहे का? घ्या अजून एक."

शेवटच्या फिल्मवर दिसलं. गुडघे पोटाशी घेतलेलं लहान मूल. काडीएवढ्या बरगड्या, गळ्यापाशी मण्यांची ओळ. प्रोफेसरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

आता सखुबाईंचा हात बघून मी साहेबांकडं गेलो. "सर, जीप द्या. मिरजेला फोटो काढून संध्याकाळपर्यंत परत आणतो."

"जीप मडकं पोचवायला गेलीय. एसटीत हादरे बसतात ना. चाचपून बसवू आपण हाड."

चाचपून बसवलं. बाईंनी पदर दातात धरला होता. मी प्लास्टर गुंडाळत असताना त्यांनी विचारलं, "फिल्मा कशानं संपल्या, दादा?"

मी सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

"त्यो रांजण आमच्याच कामावर घावला. आमी हळद-कुकू वाहिलं हुतं त्येला. काय हुतं आत?"

"लहान लेकरू."

त्यांनी ओल्या प्लास्टरकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कुटं मोडलं हुतं का त्येचं हाड?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

नवा स्टॉक आल्यावर मी त्यांच्या हाताचा फोटो काढला. हाड वाकडं जुळून बसलं होतं. मूठ वळेना, हातोडा धरवेना. मुकादमानं नाव काढलं. मडक्याची फिल्म प्रोफेसरांच्या कॉलेजात काचेमागं लागली, खाली आमच्या साहेबांचं नाव. मला त्या सगळ्याचा राग येतो, अजून येतो.

त्या लेकराला कसलीच घाई नव्हती. हजारो वर्षं थांबलं होतं, नवा स्टॉक येईपर्यंत आणखी थांबलं असतं.