मुंगीला कुणी पाठवलं

शाळा सुटली आणि पोरांचा लोंढा फाटकाबाहेर आला, तेव्हा बाईंनी आधी आपल्या पोराला, भोंग्याला, हेरलं. ते सोपं होतं. भोंगा दिसायच्या आधी ऐकू यायचा. दप्तर जमिनीवरून फरफटत, कुणाच्या तरी नावाने ठणाणा करत तो आला. त्याच्या मागून, भिंतीच्या कडेकडेने, त्याची धाकटी बहीण मुंगी आली. केस नीट, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, ओठांवर शहाणं हसू. बाईंची नजर खाली गेली. पोरीच्या पायात बूट नव्हते. पाच वर्षांची पोर अशा थंडीत ओल्या फरशीवरून नुसत्या मोज्यांवर चालत आली होती.

"बूट कुठायत गं?"

"दिले."

"दिले म्हणजे? कुणाला?"

"एका मुलीला. तिला आवडले." आणि मग, मान वर करून, "मी रडले नाही."

बाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि ओढणीने तिचे पाय गुंडाळले. "मलाही उचल," म्हणून भोंग्याने रस्त्यात बसकण मारली ती वेगळीच. घरी पोचेपर्यंत बाईंच्या डोक्यात एकच घुमत होतं. कुणीतरी आपल्या गरीब गाईला छळतंय.

बाई म्हणजे बालवाडीच्या बाई. लग्नपत्रिकेवर छापलं गेल्यानंतर त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. त्यांचे यजमान चर्चचे पाळक होते, तेही चारचौघांत त्यांना 'बाई' म्हणत, आणि पुढे पुढे घरातही म्हणू लागले. चर्चच्या आवारातली बालवाडी त्यांनी वर्षानुवर्षं एकहाती चालवली होती. आईच्या पदराला लोंबकळून भोकाड पसरणारी पोरं त्यांच्यासमोर दोन दिवसांत गप्प व्हायची. पोराच्या नुसत्या बसण्यावरून त्याला ताप येणार की शी लागली आहे हे त्या ओळखतात, असं आया म्हणायच्या, आणि बाई ते नाकारायच्या नाहीत.

मग परदेशातून बोलावणं आलं. तिथल्या एका शहरात कामधंद्यासाठी गेलेली आपल्या भाषेची बरीच कुटुंबं होती, त्यांच्या चर्चच्या मंडळीला पाळक हवा होता. यजमानांनी महिनाभर प्रार्थना केली, बाईंनी महिनाभर कपाटं आवरली, आणि चौघं विमानात बसली. मंडळीने दिलेलं घर एका लाँड्रीच्या वर होतं. खालची यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरायची आणि खोल्यांमधून साबणाचा वास फिरायचा.

पोरांना रुळवायचं काम बाईंनी हातखंडा असल्यासारखं अंगावर घेतलं. जुनेच पडदे लावले, जुन्याच चादरी घातल्या. झोपायची वेळ, झोपतानाची प्रार्थना, प्रार्थनेनंतरचं गाणं, सगळं जुन्या घरचंच. आजी-आजोबांचा फोटो पोरांच्या उंचीवर टांगला. शाळा सुरू व्हायच्या आधीच रस्ता पायाखालून घातला. सात वर्षांच्या भोंग्याने तरी उच्छाद मांडला. जेवणाची ताटली ढकलून दे, शाळेच्या दारात खांबाला मिठी मार, रात्री "मला माझं घर पाहिजे" म्हणून लाँड्रीवालीला ऐकू जाईल असा गळा काढ. बाईंचा सगळा जीव त्याच्यापायी खर्ची पडत होता.

मुंगीचं मात्र काही म्हणजे काही नव्हतं. वाढलेलं खायची, सांगितलं तिथे बसायची. मंडळीतल्या बायका तोंडात बोटं घालायच्या. पाळकांनी तर एका रविवारी उपासनेत तिचं उदाहरण दिलं, की देवाने पाठवलं तिथे कुरकुर न करता कसं राहावं ते माझ्या लेकीकडून शिका. आणि या बूट प्रकरणाच्या दोनच दिवस आधी बायकांच्या बैठकीत बाईंनी भाषण दिलं होतं. विषय होता, परक्या देशात मुलं कशी रुळवावीत. टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई पदर खोचून शाळेत गेल्या. तिथली भाषा त्यांना मोडकीतोडकीच यायची, पण भांडणापुरते शब्द रात्री जुळवून ठेवले होते. वर्गशिक्षिका तरुण होती, गळ्यात शिट्टी अडकवलेली. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एक खोका टेबलावर ठेवला. त्यात बूट होते. बुटांखाली लाल स्वेटर, रंगांची पेटी, केसांच्या पिना, लोकरीची टोपी. टोपी तर हरवली म्हणून बाईंनी घरभर शोधली होती.

"हे सगळं ती वाटते," शिक्षिका प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली. "कुणी मागत नाही. तीच देते. मी मुलांकडून परत घेऊन ठेवते. मला वाटलं, तुमच्या धर्माची शिकवण असेल."

बाईंनी खोका जवळ ओढला.

"आणखी एक विचारू? घरी जाताना ती रोज मला विचारते, मी आज चांगली होते का? मी हो म्हणते. मग ती विचारते, पुरेशी?"

खोका छातीशी धरून बाई बाहेर आल्या आणि शाळेच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. पुरेशी? कशाला पुरेशी? परक्या भाषेतले शंभरेक शब्द शिकली असेल पोर, आणि त्यात हा एक.

संध्याकाळी भोंग्याला खाली लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. ती एकच जागा होती जिथे तो शांत असायचा. बाईंनी मुंगीला पलंगावर जवळ घेतलं आणि खोका मधे ठेवला. मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी रागावले नाही. फक्त सांग, का देतेस?"

मुंगीने मान हलवली.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं तर अजून लांब पाठवतील."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोण पाठवेल?"

"देव. याच्याहून लांब. आणि मग तुम्हाला नाही, मला एकटीलाच."

खालची यंत्रं थांबली होती, त्यामुळे खोलीत इतकी शांतता होती की पोरीचा श्वास ऐकू येत होता.   बालवाडीत शिकलेली एकच गोष्ट बाईंच्या त्या घटकेला कामाला आली, ती म्हणजे गप्प राहणं. हळूहळू तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं.

तिकडे असताना, एका रविवारी, चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीसाठी भरून ठेवलेला द्राक्षरस मुंगीने चोरून प्यायला होता. एक घोट. गोड लागला म्हणून आणखी एक. तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली, पेला हिंदकळला आणि पांढऱ्या कापडावर हा एवढा डाग पडला. ती पळाली. कुणी काही बोललं नाही. आणि पुढच्याच रविवारी बाबा सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "देव आम्हाला इथून पाठवतोय."

"म्हणून आपण आलो," मुंगी म्हणाली. "माझ्यामुळे. भोंगा किती रडतो. आजी पण रडली. सगळं माझ्यामुळे."

"अगं, पण वस्तू कशाला वाटायच्या?"

मुंगीने आईकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं. "बालवाडीत तूच नाही का करायचीस? कुणी मारलं, घेतलं, की पायरीवर पाठवायचीस. मग गप्प बसायचं, रडायचं नाही, आपलं असेल ते दुसऱ्याला द्यायचं, मग तू आत घ्यायचीस." तिचा आवाज एकदम बारीक झाला. घरात ती आईच म्हणायची, पण आता म्हणाली, "बाई, माझी पायरी कधी संपणार?"

बाईंनी तिला छातीशी धरलं, पण धरणारे हात आपले आहेत की नाहीत हेच त्यांना कळेना. त्या पायरीवर किती पोरं बसवली असतील? फार चांगली पद्धत, असं आया म्हणायच्या. मार नाही, ओरडा नाही. पायरीवरून आत आलेलं पोर किती शहाणं होतं! आणि पायरीवर बसलेलं असताना त्याच्या मनात काय चाललेलं असायचं, हे एकालाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पाळक घरी आले, तेव्हा बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खुर्चीत बसले ते उठेचनात. "मी तिचं उदाहरण दिलं," एवढंच दोनदा म्हणाले. मग डोळे पुसून लगबगीने उठले. "थांबा, मी तिला नीट समजावतो. क्षमा म्हणजे काय, कृपा म्हणजे काय..."

"अहो, प्रवचन नको!" बाई इतक्या जोरात कधी बोलल्या नव्हत्या. "त्या पोरीला फक्त खरं सांगा."

पाळक आत गेले. उंचापुरा माणूस, मुंगीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.  म्हणाले, "त्या डागाचं मला आत्ता कळलं. त्याचा आणि आपल्या इथे येण्याचा काही संबंध नाही. हे काम मला करायचं होतं. मला वाटलं, देव मला बोलावतोय. मला, तुला नाही. मग मी आणि आईने ठरवलं. तुम्हा दोघांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मुंगी टक लावून पाहत राहिली. "तुम्ही ठरवलं?"

"हो, बाळा."

"मी काहीच केलं नव्हतं?"

"रस प्यायलीस. बास, तेवढंच."

आता पोर गळ्यात पडेल म्हणून पाळकांनी हात पुढे केले. मुंगीने त्यातला एक धरला आणि कडकडून चावली. मग तिने तोंड उघडलं. तो आवाज या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता. खालून लाँड्रीवाली धावत वर आली, तिच्यामागे भोंगा. मुंगी उशा फेकत होती, स्वेटर फेकत होती, "मग मला का आणलं, मग मला का आणलं" म्हणून पाय आपटत होती. भोंगा दारात आ वासून उभा. "आई," तो हळूच म्हणाला, "हिला काय झालं?" आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता.

पाळकांच्या हातावर दातांची अर्धगोल खूण उठली. पुढच्या रविवारी आशीर्वादासाठी हात वर केल्यावर ती पुढच्या बाकांना स्पष्ट दिसली. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "लेक बरी होतेय."

बरी म्हणजे कशी? अंथरूण ओलं करू लागली. शाळेत जायला नकार. बूट देणं राहिलं बाजूला, कुणी तिच्या रंगांना हात लावला तर ओरबाडायची. मंडळीतल्या बायका कुजबुजल्या, पाळकांची धाकटी बिघडली हो. बाई त्यांच्या पुढच्या बैठकीला गेल्या आणि उभं राहून म्हणाल्या, मागच्या वेळी मी जे बोलले ते विसरून जा. टाळ्या पडल्या नाहीत. पण एक बाई मागे थांबली आणि म्हणाली, "आमचा पण फार शहाणा आहे हो." म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

मधे एकदा बाईंनी जुन्या चर्चच्या राखणदारीणबाईंना फोन लावून डागाचं विचारलं. पलीकडून खळखळून हसू आलं. "तो होय? मी तेव्हाच धुऊन टाकला. मला वाटलं मांजर शिरली." मुंगी फोनला कान लावून होती. मांजरीवर आळ गेला याचा तिला भयंकर राग आला, आणि तिने फोनवरच ओरडून गुन्हा कबूल केला.

राहता राहिला भोंगा. एका दुपारी कपडे वाळत घालताना बाईंनी त्यालाही विचारलं. "तुला काय वाटतं रे, आपण इथे का आलो?"

"तुला तिथे कंटाळा आला होता म्हणून," तो चटकन म्हणाला. "तू बालवाडीतून आलीस की भिंतीकडे बघत बसायचीस."

चिमटा बाईंच्या हातून गळून पडला. हे त्यांनी यजमानांना सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

पुढे बाईंचं ते कामच होऊन बसलं. चर्चच्या सेवेसाठी कुठे कुठे निघालेली कुटुंबं त्यांच्याकडे येत, फोन करत. बाई आईबापांना बाहेर बसवायच्या आणि पोरांशी एकेकट्याने बोलायच्या. समजावायच्या नाहीत, विचारायच्या. एकाला वाटत होतं, आजोबांनी घरातून हाकललं. एकीला वाटत होतं, तिकडे गेल्यावर बाबा मरणार, म्हणून तर सगळे मिठ्या मारून रडतात. दर वेळी बाईंच्या अंगावर काटा यायचा. सवय कधी झालीच नाही.

मुंगी अकरा-बारा वर्षांची झाली, तेव्हा घरी आलेल्या, बाईंकडून सगळं ऐकलेल्या एका जोडप्याने तिलाच विचारलं, "मग तू लहान असताना त्या डागाचं खरंच मनावर घेतलं होतंस?"

मुंगी आरशासमोर केस विंचरत होती, खाली मैत्रिणी हाका मारत होत्या. "कसला डाग?" ती म्हणाली.

"अगं, द्राक्षरसाचा," बाई म्हणाल्या. "तू बूट वाटलेस, बाबांना चावलीस..."

"मी? बाबांना?" मुंगी हसत सुटली. "काहीही सांगतेस आई! मला तर काहीच आठवत नाही." आणि कंगवा पलंगावर टाकून, जिना दणाणत ती खाली गेली.

बाईंनी कंगवा उचलून आरशापाशी ठेवला.