एकही नाही, साहेब

आमच्या गल्लीतले डुबकीकाका कुठल्याही बोलण्याला लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत म्हणून दाखवायचे. दूधवाला म्हणाला, "काका, उद्या गाडी उशिरा येईल," की काका म्हणणार, "उद्या गाडी उशिरा येईल." मग थांबणार. दूधवाल्याने मान हलवल्याशिवाय पातेलं पुढे करणार नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय नाहीतर बहिरा आहे. दोन्ही नव्हतं. काका पाणबुडीवर होते, आणि पाणबुडीत हुकूम असाच पाळतात. वरून हुकूम येतो, खालचा माणूस तो शब्द न बदलता परत म्हणतो, वरचा "बरोबर" म्हणतो, मगच हात झडपेच्या चाकाला लागतो. "चुकीचं चाक फिरवलंस तर सगळे गेले," काका सांगायचे. "त्यात तूही आलास. म्हणून परत म्हणायचं, लाजायचं नाही."

बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याच्या मागे आमची गल्ली होती. 'होती' हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. बैठी कौलारू घरं, बहुतेक संस्थानच्या पलटणीतल्या शिपायांच्या नातवंडा-पतवंडांची, मध्येमध्ये गुजराती घरं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. काकांचे आजोबा त्या पलटणीत होते. काका नौदलात गेले, पाण्याखाली नोकरी केली, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांना डुबकीकाका केलं. खरं नाव टपालवाल्यालाच माहीत असायचं.

विशीच्या आत असताना त्यांना रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, पॅसिफिकच्या काठी, शिकायला पाठवलं होतं. बडोद्याच्या पोराने तोवर बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर पाहिलेला. तिथे किनाऱ्याला बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासायच्या आणि तो आवाज पाण्याखालून कितीतरी लांब जायचा. हे सांगताना काका कपावर बशी घासून दाखवायचे. मग एकदम बशी हाताने दाबून धरायचे, जणू कोणी ऐकलं असतं.

त्यांच्या घरात भांडं वाजायचं नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर जुनं सतरंजीचं फडकं अंथरलेलं, त्यावर स्टीलची पातेली. दार लावताना तळहात मध्ये घालून लावायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की आत जाऊन बसायचे. घाबरून नाही. "इतका आवाज म्हणजे स्वतःचा पत्ता सांगणं," म्हणायचे. मी त्या दिवसांत भाडेकरूंच्या हक्कांसाठी रिक्षावर भोंगा लावून फिरायचे, अजूनही फिरते. एकदा मला थांबवून म्हणाले, "पत्रकवाली, भोंग्याने शत्रूला कळतं ना तू कुठे आहेस?"

"कळायलाच हवं, काका."

"कळायलाच हवं," ते म्हणाले. भोंग्याकडे पाहिलं. "बरोबर."

मला ते पत्रकवालीच म्हणायचे. मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक त्यांनी वाचलं, आणि प्रत्येकात एखादं वाक्य बोटाखाली धरून विचारलं, "हे तू पाहिलंस?" मी न पाहिलेली वाक्यंच नेमकी त्यांच्या बोटाखाली यायची. मला राग यायचा.

युद्धाचं विचारलं की गल्लीतला एकच प्रश्न ठरलेला असायचा. समोरचे वसंतभाई दर पंधरा ऑगस्टला, झेंडा चढला की, विचारायचे, "काका, केटला डुबाड्या?" किती जहाजं बुडवलीत? काका म्हणायचे, "एकेय नहीं." एकही नाही. लोक हसायचे, मग जिलेबी-फाफड्याकडे वळायचे. ज्या वीराने काही बुडवलं नाही त्याचं करायचं काय?

मी एकदा नीट विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. एकाहत्तरचं युद्ध. पाणबुडी शत्रूच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली बसून होती. आंघोळ नाही, बोलणं नाही, पायात काही नाही. एकाची झोप संपली की त्याच्याच गरम अंथरुणात दुसरा. काका पुढच्या भागात, टॉर्पेडोपाशी. एक जहाज येत असल्याचं कळलं. तयार राहा असा हुकूम आला. काकांनी तो परत म्हटला, वरून 'बरोबर' आलं, त्यांनी हात ठेवला. मग जहाज कुणाचं ते नक्की होईना. थांबा असा हुकूम आला. तोही त्यांनी परत म्हटला. जहाज वरून गेलं.

"मला वरून भांड्यांचा आवाज आला," काका म्हणाले. "त्यांचा स्वयंपाकी भांडी घासत असणार."

"पाण्याखाली तेवढं ऐकू येतं?"

"येत नसतं. मला आला."

एवढंच त्यांचं युद्ध. त्यात अभिमान नव्हता, पश्चात्ताप नव्हता. गाडी चुकल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

काकूंना ही परत म्हणायची सवय लग्नानंतर लागली. पुढे त्यांची दृष्टी गेली, दोन्ही डोळ्यांची. पण त्या घरात त्यांना कुणी आंधळी म्हटलं नसतं. भिंतीवरून हात फिरवत सगळीकडे जायच्या. पोपडा उडालेला लागला की मोरी, खिळा लागला की देवघर. भिंतीला रंग द्यायचा नाही, अशी काकांची घरमालकाला ताकीद होती. घर काकूंच्या हाताखाली होतं, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढच्या कुठल्याही कागदात ते आलेलं नाही.

मग जमिनीच्या मालकाच्या मुलांनी गल्ली एका बिल्डरला विकली. आम्ही समिती केली, मी पत्रकं काढली, प्रकरण सुनावणीला गेलं. पहिल्या तारखेला सुनावणी घेणारे साहेब सहज म्हणाले, "या गल्लीत काही खास आहे का? असेल तर लिहून द्या, मी थांबवून धरतो." गल्लीत येऊन हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच वेळी काकांच्या ओट्याकडे वळल्या.

अर्ज मी लिहिला. एक वाक्य वसंतभाईंनी घालायला लावलं : या गल्लीत शत्रूची जहाजं बुडवणारे वीर राहतात. काकांना सांगितलं, तुमच्या नौदलातल्या नोकरीबद्दल लिहिलंय. ते म्हणाले, नोकरी केली ती केलीच. सही केली. त्या दिवशी काकूंना ताप होता, म्हणून वाचायला थांबले नाहीत. एवढ्या वर्षांत न वाचता सही केलेला तो बहुधा पहिलाच कागद.

सुनावणीत साहेबांनी आधी बिल्डरचा कागद वाचला. त्यात आमच्या गल्लीला 'मोकळी जागा' म्हटलं होतं. मोकळी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींना मोकळी जागा. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, बिल्डरच्या वकिलाने मान डोलावली, कारकुनाने लिहून घेतलं. कुणाची जीभ अडखळली नाही.

मग आमचा अर्ज. काकांना उभं केलं. साहेबांनी ते वाक्य गुजरातीत वाचलं आणि विचारलं, "बराबर छे, काका?"

काकांनी सवयीने वाक्य परत म्हणायला घेतलं. "या गल्लीत," ते म्हणाले. "शत्रूची जहाजं." पुढे थांबले. खोलीत पंखा फिरत होता. वसंतभाईंनी माझा हात इतका दाबला की दुखला. मी मनात म्हणत होते, म्हणा काका, एक शब्द आहे, म्हणा. काकांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि पुन्हा त्याच शब्दापाशी थांबले.

"एकही नाही, साहेब," ते मराठीत म्हणाले.

"शुं?" साहेबांनी विचारलं. काय?

"एकेय नहीं."

साहेबांनी आमचा कागद बाजूला ठेवला. रागावले नाहीत. त्यांना उलट सुटल्यासारखं झालं असावं.

परत येताना आम्ही एकाच रिक्षात होतो. प्रतापनगरचा पूल ओलांडल्यावर वसंतभाई म्हणाले, "काका, एकाद तो डुबाडवुं हतुं." एखादं तरी बुडवायचं होतंत. काका हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य परतही म्हटलं नाही.

मी त्यांच्यामागे घरात गेले, भांडायलाच. काकू देवघराच्या खिळ्यापाशी हात ठेवून उभ्या होत्या.

"काय झालं, अहो?"

"मी म्हटलं, एकही नाही."

"खरंच आहे ते," काकू म्हणाल्या. मग विचारलं, "घर जाणार?"

"घर जाणार."

"घर जाणार," काकूंनी परत म्हटलं.

"बरोबर," काका म्हणाले.

मी न भांडता बाहेर आले.

लोक मला म्हणतात, अशा माणसाचा तुला अभिमान असेल. मी स्पष्ट सांगते, मला तेव्हा राग होता आणि आजही आहे. त्या खोलीत दोन खोटी वाक्यं होती. एक बिनबोभाट गेलं. दुसरं अडलं, कारण ते आमच्या माणसाच्या तोंडी होतं. खरं बोलायचा खर्च नेहमी आमच्याच गल्लीने का भरायचा, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. काकांनीही नाही.

गल्ली पाडली त्या दिवशी काका खुर्ची घेऊन कडेला बसले होते. इतका आवाज आयुष्यात त्यांनी ऐकला नसेल. कानांवर हात ठेवले नाहीत.

त्यांना शहराबाहेर एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, भाड्याचा फ्लॅट मिळाला. भिंती गुळगुळीत, सगळ्या सारख्या. काकूंच्या हाताला काही लागेना. तेव्हा काका त्यांच्यापुढे चालत सांगायचे, "डावीकडे मोरी." काकू म्हणायच्या, "डावीकडे मोरी." "बरोबर." मग पाऊल. पूर्ण दिवस असा जायचा. मी जायचे तेव्हा दाराबाहेरूनच ऐकू यायचं, हळू आवाजात, हुकूम आणि जाब. मोठ्याने ते तिथेही बोलले नाहीत.

यंदा थंडीत काका गेले. झोपेत. शेजाऱ्यांनाही सकाळीच कळलं.

तेरा दिवस झाल्यावर मी काकूंकडे गेले. नवीन पत्रक नेलं होतं, दुसऱ्या एका गल्लीचं. त्यातली न पाहिलेली वाक्यं मी आधीच खोडली होती, का ते माहीत नाही. त्याने ती गल्ली वाचेल असं मला वाटत नाही. काकू पलंगावर बसून होत्या. भाची आलेली होती, ती खाली भाजी आणायला गेली होती.

"मला खिडकीपाशी जायचंय," काकू म्हणाल्या.

"उजवीकडे, सरळ," मी म्हटलं.

"उजवीकडे, सरळ," काकू म्हणाल्या. उठून उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. मला वाटलं पाय दुखत असतील. हात धरायला पुढे झाले, तर त्यांनी तो बाजूला केला. तशाच उभ्या राहिल्या, मान थोडी वळवून, ऐकत.

"बरोबर," मी म्हटलं.

तेव्हा त्या चालल्या.